सहावा विषय

दिल्लीच्या नैऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरात, सेक्टर २३ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे कार्यालय संकुल आहे. या मंडळाने नववी-दहावीसाठी माहिती तंत्रज्ञान, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, बँकिंग व विमा असे कौशल्य विषय उपलब्ध केले. त्यांत १०० पैकी ५० गुण लेखी परीक्षेचे, तर ५० प्रात्यक्षिकाचे.

गणित, विज्ञान वा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास त्याऐवजी सहाव्या, म्हणजे कौशल्य विषयाचे गुण धरावेत, असा नियम अनेक वर्षे राहिला. हेतू दिलाशाचा होता. परंतु ‘हा विषय अभ्यासात मागे पडणाऱ्यांचा’ या समजाला त्यामुळे बळ मिळाले.

या समजाची किंमत मोठी आहे. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज नमूद आहे. त्यानुसार १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहूनही कमी भारतीय कामगारांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, तर दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

दहावीनंतर ही वाट खुंटत नाही. दिल्ली कौशल्य व उद्योजकता विद्यापीठाचे एक संकुल द्वारकेतच असून हे विद्यापीठ पदविका व पदवी अभ्यासक्रम चालवते. खर्चाच्या विवंचनेवरही उपाय आहे. केंद्र सरकारच्या आदर्श कौशल्य कर्ज योजनेची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखांवरून साडेसात लाख रुपये करण्यात आली.

पाल्याचा विषय निवडताना पालकांनी त्याच्या गुणपत्रिकेइतकेच त्याच्या हातांकडेही पाहावे.