छबिलदासचा प्रेक्षक

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर छबिलदास मुलांची शाळा आहे. त्या गल्लीतल्या बटाटेवड्यासाठी आजही माणसं वाट वाकडी करून येतात. १९७४ पासून पुढचं सुमारे दीड तप अशीच वाट वाकडी करून माणसं शाळेच्या सभागृहात नाटक बघायला येत होती. त्यातली बरीचशी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशी त्या दिवसांबद्दल बोलायला बसलं की नाटकाचं नाव मागाहून येतं. आधी येतो तो उकाडा, गल्लीतून आत शिरणारा आवाज, आणि शेजारी कोण बसलं होतं ते.

छबिलदासबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक वेळा नाटककार आणि दिग्दर्शकांच्या अंगाने. मला तिथला प्रेक्षक तितकाच महत्त्वाचा वाटतो. या जागेने नाटकं घडवली तसा प्रेक्षकही घडवला, आणि माझ्या मते ते काम जास्त अवघड होतं.

आधीची परिस्थिती आठवायला हवी. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद आणि सुलभा देशपांडे या मंडळींनी ‘रंगायन’ सुरू केली. तिथून मुंबईत मराठी प्रायोगिक नाटकाला बळ आलं. अरविंद देशपांडे यांनी बसवलेलं आणि सुलभाताईंनी बेणारेबाई उभी केलेलं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’नेच राज्य नाट्यस्पर्धेसाठी केलं. पण एरवी अशा नाटकाचं व्हायचं काय, तर स्पर्धेपुरता एखादा प्रयोग, फार तर अजून दोन-चार, आणि नेपथ्य माळ्यावर. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडायचं नाही आणि सोयीच्या तारखा व्यावसायिक नाटकांकडे असायच्या. छबिलदासपासून जवळच शिवाजी मंदिरात त्या नाटकांना गर्दी होत होती. तिचा कुणी हेवा करत होतं असं नाही. प्रायोगिकवाल्यांना स्वतःची अशी जागाच नव्हती, एवढंच.

‘रंगायन’ फुटल्यावर १९७१ मध्ये देशपांडे दांपत्य, तेंडुलकर आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली. गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ त्यांनी तेंडुलकरांच्या अनुवादातून केलं. ते भव्य नाटक होतं, आणि भव्य नाटक खिशाला किती जड जातं ते कळायला तेवढं पुरे झालं असावं. १९७४ मध्ये छबिलदासचं सभागृह मिळालं. सुलभाताई याच शाळेत शिक्षिका होत्या, इथल्या मुलांना घेऊन त्यांनी नाटकं बसवली होती. जागा परकी नव्हती.

नाट्यगृह म्हणून पाहिलं तर तिथे उणिवाच जास्त होत्या. शाळेचंच सभागृह ते, एका टोकाला व्यासपीठ. दुसऱ्या दिवशी शाळा भरायची असल्यामुळे रात्री आपला सगळा पसारा आवरून जायचं. कायमचं नेपथ्य नाही, झगमगाट नाही. पण खुर्च्या हलवता यायच्या आणि या एका सोयीने फार मोठा फरक पडला. नाटक व्यासपीठावरून खाली जमिनीवर आलं. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ केलं, तेव्हा नट प्रेक्षकांच्या मधून वावरत होते. घोळका अंगावरून जातोय, नटाच्या कपाळावरचा घाम हातभर अंतरावर दिसतोय, आणि त्याची नजर चुकवायला अंधार नाही. तिथे बसलेला माणूस मागे रेलून ‘बघू या काय करतात’ असं म्हणू शकत नव्हता. त्यालाही त्या मिरवणुकीत चालावं लागत होतं.

‘आविष्कार’ने हे दार स्वतःपुरतं ठेवलं नाही, हा या सगळ्या हकिगतीतला सर्वांत मोठा मोठेपणा. सत्यदेव दुबे यांचं थिएटर युनिट, पालेकरांचं अनिकेत, पुण्याहून येणारी मंडळी, नुकतीच मिसरूड फुटलेली कॉलेजातली पोरं, सगळ्यांना तिथे प्रयोग करता आले. अच्युत वझे यांच्यासारख्या नव्या नाटककाराला आपलं लिखाण रंगमंचावर तपासून बघता आलं. जयदेव हट्टंगडींनी लोर्काच्या ‘येर्मा’वरून बसवलेल्या ‘चांगुणा’मध्ये रोहिणी हट्टंगडींचं काम ज्यांनी पाहिलं, ते आजही त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात.

आणि पडायची मुभा होती. हे मला फार मोलाचं वाटतं. भाडं कमी, तिकीट कमी, त्यामुळे नाटक पडलं तरी कुणाचं घर बसत नव्हतं. लोक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाटक बघायला पुन्हा हजर. गेल्या खेपेला रंगमंचावर असलेला मुलगा आज दारात तिकिटं फाडतोय, परवा ज्याने दिवे सांभाळले तो आज तिसऱ्या रांगेत बसून कपाळाला आठ्या घालतोय, असं तिथलं नातं. प्रयोग संपला की खाली गल्लीत घोळके उभे राहायचे. नाटक आवडलं नाही तर तोंडावर सांगायचे, का आवडलं नाही तेही सांगायचे. दुबेंसारखा माणूस आसपास असला तर गुळमुळीत बोलून सुटका नव्हतीच.

हे सगळं चालू राहिलं त्यामागे अरुण काकडे, म्हणजे काकडेकाका होते. तारखा लावणं, जाहिरात देणं, पैशांची जुळवाजुळव, रुसलेल्याची समजूत काढणं, कशालाच टाळ्या पडत नाहीत अशी ही कामं. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले, तरी संस्था थांबली नाही. २०१९ मध्ये काकडेकाका गेले तेव्हा कित्येक रंगकर्मींना घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं वाटलं. दिग्दर्शकांची चरित्रं लिहिली जातात, तारखा लावणाऱ्या माणसाचं काम त्याच तोलाचं आहे, असं मी मनापासून मानतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासचं पर्व संपलं आणि ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली. भुलाभाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस आणि छबिलदास या मुंबईतल्या प्रायोगिक नाटकाच्या तीन जागांच्या आठवणी शांता गोखले यांनी संबंधित माणसांना बोलतं करून २०१५ मध्ये इंग्रजी पुस्तकात एकत्र आणल्या. ते काम वेळेवर झालं. त्या जागांविषयी अनुभवाने बोलू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

छबिलदासच्या प्रेक्षकाचं बळ मात्र मला दिसतं ते छबिलदास सुटल्यानंतरच्या एका प्रयोगात. १९९४ मध्ये ‘आविष्कार’ने महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली. जवळपास नऊ तासांचा प्रयोग. विदर्भातल्या एका देशपांडे कुटुंबाची पडझड बघायला मुंबईतली माणसं सुट्टीचा अख्खा दिवस द्यायला तयार होती. एवढा वेळ बसायची तयारी एका दिवसात होत नाही. ती शाळेच्या खुर्च्यांवर, उकाड्यात, कधी फसलेली नाटकंही शेवटपर्यंत बघत झालेली होती.