संकेतस्थळाची थीम घेताना : अक्षर आणि मालकी

नाशिकच्या सराफ बाजारात काय किंवा भांडीबाजारात काय, पेढीची सूत्रे नव्या पिढीच्या हाती आली की तिची पहिली मागणी बहुधा दुकानाच्या संकेतस्थळाची असते. वडीलधारे खर्चाला मंजुरी देतात. परंतु त्या पैशांत नेमके काय विकत घेतले जात आहे, हे क्वचितच विचारतात. गाळा घेताना मागच्या तीस वर्षांची कागदपत्रे धुंडाळणारी माणसे येथे इतकी निर्धास्त कशी राहतात, याचे मला नवल वाटते.

जगातील असंख्य संकेतस्थळे वर्डप्रेस या २००३ साली सुरू झालेल्या मुक्त प्रणालीवर चालतात. ही प्रणाली विनामूल्य आहे. तिच्यावर जो दर्शनी साज चढवतात, त्यास ‘थीम’ म्हणतात. थीम फुकटही मिळते आणि काही हजार रुपये देऊनही. थीमफॉरेस्ट या परिचित बाजारपेठेत साधा परवाना एकाच संकेतस्थळापुरता असतो आणि विक्रेत्याची मदत सहा महिने मिळते. भावाला दुसऱ्या दुकानासाठी तीच थीम वापरायची असल्यास दुसरा परवाना घ्यावा लागतो. नमुन्यात दिसणारी देखणी छायाचित्रे तर बहुधा खरेदीत समाविष्टच नसतात. ती काढून तेथे आपल्या समईचे वा येवल्याच्या पैठणीच्या काठाचे साधे छायाचित्र ठेवून पाहावे. तरीही पान शोभत असेल, तरच ती थीम आपल्या कामाची.

खरी परीक्षा मात्र अक्षरांची. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या असतात. रोमन शीर्षके भारदस्त दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये मोकळे अंतर सोडण्याची त्यांत प्रथा आहे. तेच अंतर मराठी शीर्षकाला लागू झाले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेल्या माळेसारखा दिसतो. ओळींमधील जागा कमी असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘व्यापाऱ्यांच्या’, ‘कर्तृत्व’, ‘मूल्य’ असे शब्द नमुन्यात घालून दाखवण्याचा आग्रह धरावा. ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण मराठी आहे की हिंदी, हेही पाहावे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ही वळणे निश्चित केलेली आहेत. उपाय अवघड नाही. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा ‘मुक्त’ आणि त्याचप्रमाणे ‘तिरो देवनागरी मराठी’ हे टंक गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य उपलब्ध आहेत. जाणकार माणूस ते थीममध्ये सहज बसवू शकतो.

असे बदल मूळ थीममध्ये करू देऊ नयेत. विक्रेत्याने सुधारित आवृत्ती पाठवली की मूळ फाइलींतील आपली कारागिरी पुसली जाते. त्यासाठी ‘चाइल्ड थीम’ नावाची जोडथीम असते; बदल तिच्यात ठेवले म्हणजे ते टिकतात. फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरट्या प्रतींचा मोह तर मुळीच नको. त्यांत लपवलेली घातक आज्ञावली ग्राहकांची माहिती परस्पर दुसरीकडे पाठवू शकते.

याहून गंभीर बाब मालकीची. सोय म्हणून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि थीमचा परवाना दोन्ही कारागीर स्वतःच्या ईमेलवर घेतो. माझ्या परिचयातील एका घराण्याचा असाच कारागीर गाव सोडून गेला. डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली, मुदत संपली आणि वर्षानुवर्षे पाकिटांवर, पावत्यांवर छापलेला पत्ता परक्याच्या हाती पडला. पेढीच्या नावाची पाटी दुसऱ्याच्या दारावर लागावी, तसे हे झाले. दोन्ही खाती पेढीच्या ईमेलवर आणि बिले पेढीच्या नावावर असलीच पाहिजेत.

आता थोडे बँकेचे. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय आपोआप सुरू नसते. ती स्वतः सुरू करावी लागते, आणि काम झाल्यावर बंद केलेली बरी. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वसुलीचे नियमही कडक झाले आहेत. त्यामुळे परदेशी विक्रेत्याची आपोआप वसुली पुष्कळदा नाकारली जाते आणि नूतनीकरण नकळत राहून जाते. ही तारीख विम्याच्या हप्त्यांशेजारीच लिहून ठेवावी. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने परदेशातून घेतलेल्या थीमवर बहुधा उलट आकारणीने कर भरावा लागतो. त्याची वजावट मिळू शकते. मात्र त्यासाठी बिल जपून ठेवून आपल्या कर सल्लागाराकडे त्याच महिन्यात द्यावे.