फोटो छान आलाय, पण जात कोणती?

नवी मॅक्रो लेन्स हातात आली की आपल्याला वाटतं, आता अर्धं संशोधन झालंच. मलाही वाटलं होतं. पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एका ओढ्यावर मी टाचण्यांचे (चतुरांच्या त्या बारीक, नाजूक भाऊबंदांचे) सहाशेच्या वर फोटो काढले. डोळे लख्ख, अंगावर दवाचे थेंब, मागे हिरवं धूसर पान. मॅडमनी वीसेक फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, "शेपटीचं टोक कुठाय?"

टाचण्यांच्या अनेक जाती दिसायला जवळपास सारख्याच असतात. नराच्या पोटाच्या टोकाशी चिमट्यासारखी उपांगं असतात, त्यांच्या आकारावरून जात ठरते. माझ्या बहुतेक फोटोंत नेमकं तेच टोक धूसर होतं. म्हणजे एक अख्खा हंगाम गेला, आणि हातात राहिलं काय, तर व्हॉट्सअॅपला लावायला डीपी.

असं का होतं हे आधी समजून घ्या. १:१ वर, म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो तेव्हा, फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ ८ ला स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम १ मिलिमीटर असते. समोरून डोळ्यावर फोकस केला की मागचं सगळं अंग गेलंच. मग तुम्ही म्हणाल, छिद्र लहान करू, एफ २२ लावू. पण १:१ ला प्रभावी आकडा दुप्पट होतो, एफ २२ चा एफ ४४ होतो आणि विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे कॅमेऱ्याची पाठ किड्याच्या अंगाला समांतर धरा. बाजूने काढलेल्या फोटोत डोकं, छाती, टोक एकाच पातळीत येतात. मग वरून एक, आणि टोकाचा जवळून एक. दिसायला कंटाळवाणे फोटो, पण कामाचे हेच.

मापाचंही तसंच. पट्टी शेजारी धरायला गेलात की किडा उडतो. त्याऐवजी लेन्स १:१ ला लॉक करा आणि फोकससाठी स्वतःच पुढे-मागे व्हा. सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि फोटो ६००० पिक्सेलचा असेल, तर १ मिमी म्हणजे साधारण २५५ पिक्सेल. माप घरी बसून काढता येतं. (फोटो क्रॉप करून मूळ फाइल उडवू नका. मी उडवलीये.)

प्रकाशासाठी फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर पुरतो. पहाटे जा, गारठ्यात किडे सुस्त असतात. आणि तो ज्या झाडावर बसलाय त्या झाडाचाही एक फोटो घ्या, पानाच्या दोन्ही बाजूंचा.

फोटोची ताकद किती, याचं माझं आवडतं उदाहरण मलेशियाचं आहे. २०११ मध्ये तिथल्या एका छायाचित्रकाराने जंगलात जाळीदार पंखांच्या एका किड्याचा फोटो काढला, किडा सोडून दिला आणि फोटो फ्लिकरवर टाकला. आपल्याकडे शेतकरी ज्याला क्रायसोपा म्हणतात, त्याच्याच कुळातला. पंखांच्या बुडाशी काळी जाळी होती. कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांनी तो सहज बघितला आणि ही जात ओळखीची नाही हे त्यांच्या लक्षात आलं. पण नुसत्या फोटोवर त्यांनी नाव दिलं नाही. छायाचित्रकाराला तो किडा पुन्हा सापडला, नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेला, आणि तिथल्या संग्रहात याच जातीचा एक जुना नमुना बिननावाचा पडून असलेलाही निघाला. २०१२ मध्ये 'सेमाक्रायसा जेड' हे नाव प्रसिद्ध झालं.

म्हणजे फोटोने शंका उभी केली, नमुन्याने ती मिटवली. पुढे २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला फक्त फोटोंवरून नाव दिलं गेलं, तर त्यावर वर्गीकरणवाल्यांमध्ये जोरदार भांडण झालं. माझं मत नमुन्याच्या बाजूने आहे, पण अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय नमुना उचलता येत नाही, आणि ती यायला वेळ लागतो. तोवर तुमच्याकडे फोटोच असणार.

आणि हो, किडा फ्रिजमध्ये गार करून, पानावर ठेवून काढलेला फोटो नैसर्गिक अधिवासातला म्हणून देऊ नका. टाचणीची बसायची ढब बिघडलेली असते, परीक्षकाला ते दिसतं.