गाडी तापते? आधी काटा कधी चढतो ते पाहा



गेल्या भागात आपण बॅटरी आणि सेल्फ पाहिला. आज जुन्या गाडीचं सगळ्यांत महाग पडणारं दुखणं घेऊ: इंजिन तापणं. तुम्ही नागपुरात असा, बडोद्यात असा की हैदराबादला, सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न समोर येतो. गॅरेजमध्ये गेलात की उत्तर तयार असतं, "साहेब, रेडिएटर गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दोष शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूत असतो आणि बिल हजारांचं होतं.

माझं आजचं सांगणं एकच आहे. काटा चढला एवढं सांगू नका, काटा कधी चढतो ते सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. वॉटर पंप इंजिनातलं पाणी फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाचा वॉल्व रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की तो उघडू लागतो आणि पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. गाडी पळत असेल तर समोरून वारा मिळतो, उभी असेल तर विजेवरचा पंखा लागतो. राहिलं रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, तो प्रेशरचा वॉल्व आहे. प्रेशर वाढलं की पाणी उशिरा उकळतं. ०.९ बारचं झाकण चांगलं असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उलट लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर तिथे काय होईल याचा विचार करा. म्हणून पहिली तपासणी झाकणाची. रबर चिरलंय का, स्प्रिंग ढिली झालीय का ते पाहा. शंका आली तर त्याच प्रेशरचं नवीन झाकण बसवा.

आता काट्याकडे येऊ.

पहिला प्रकार: सिग्नलला काटा चढतो, गाडी पळू लागली की उतरतो. वारा मिळाला की इंजिन गार होतंय, म्हणजे पाणी फिरतंय. संशय पंख्यावर. फ्यूज पाहा, रिले शेजारच्या तशाच रिलेशी बदलून पाहा. मग पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या. पंखा फिरला तर मोटर ठीक आहे, दोष स्विच, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. महूला आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या हॅचबॅकचा रेडिएटर एका गॅरेजने बदलला, तरी बाजारात गाडी तापायचीच. शेवटी दोष निघाला पंख्याच्या रिलेत. काटा फक्त उभ्या गाडीत चढतो, एवढं त्यांनी सांगितलं असतं आणि मिस्त्रीने ऐकलं असतं, तर रेडिएटरचे पैसे वाचले असते.

दुसरा प्रकार: गावात ठीक, हायवेला किंवा घाटात काटा चढतो. इथे वारा भरपूर आहे, पण पाणी पुरेसं फिरत नाही. थर्मोस्टॅट अर्धवट अडकलेला, रेडिएटर आतून खरपुडीने भरलेला किंवा पंपाचं पातं झिजलेलं. बाहेरून रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे अडकलेत का तेही पाहा. थर्मोस्टॅटची परीक्षा घरी होते. तो काढून दोऱ्याला बांधा, पाण्याच्या पातेल्यात सोडा, गॅसवर ठेवा आणि सोबत थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला तर ठीक, पाणी उकळलं तरी हलला नाही तर बदला.

इथे एक इशारा. "आपल्याकडे गरमी फार, थर्मोस्टॅटची गरज नाही" असं म्हणून तो काढून टाकणारे मिस्त्री गावोगाव आहेत. ऐकू नका. इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हाताने चाचपा. काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट काम करतोय. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय किंवा आधीच्या मालकाने काढलाय. तुमची बोटं पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

तिसरा प्रकार: पाणी सारखं कमी होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा, सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. होजच्या क्लिपा, रेडिएटरची तळाची बाजू आणि पंपाखालचं छोटं भोक तपासा. त्या भोकातून पाणी झिरपत असेल तर पंपाचं सील गेलं. गाडीत डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास येत असेल तर हीटरची कॉइल गळतेय.

चौथा प्रकार: गळती कुठेच नाही, तरी पाणी जातं. हा गंभीर. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा आणि चालू करून पाहा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

साध्या पाण्याबद्दल दोन शब्द. बोअरचं जड पाणी आत खरपुडी आणि गंज तयार करतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मॅन्युअलमधल्या प्रमाणातच घाला. जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी आहे, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना धोका असतो.

आणि रस्त्यात काटा लालवर गेला तर? एसी बंद करा. हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा, तेवढीच उष्णता बाहेर जाते. सुरक्षित जागा पाहून थांबा आणि इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी प्रेशरखाली असतं. उघडलंत की वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा, मग जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. लाल काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा खोटं बोलतो. थांबाच.

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड असते. ड्रायव्हर पाणी, ऑइल, पट्टा, टायर पाहतो, मगच किल्ली फिरते. तुम्हीही रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पाच मिनिटं द्या. कूलंटची पातळी वहीत तारखेसह लिहा. महिनाभरात गाडी स्वतःच सांगेल की तिला काय होतंय. आणि गॅरेजला जाताना ती वही सोबत न्या.

पुढच्या भागात ब्रेक. तोपर्यंत नमस्कार.