अशांत धारा आणि विभागलेले अहमदाबाद

साबरमतीच्या पूर्वतीरावरील जुन्या अहमदाबादेत ज्यांस पोळ म्हणतात त्या वस्त्यांची रचना मुळातच स्वजनांच्या आश्रयासाठी झालेली आहे: एक दरवाजा, आत अरुंद गल्ली आणि दोहों बाजूंस बहुधा एकाच जातीची वा पंथाची बिऱ्हाडे. परंतु या दरवाजातून सकाळी बाहेर पडणारा माणूस गिरणीत, पेढीवर आणि १९२० साली स्थापन झालेल्या मजूर महाजन संघात परधर्मीयांच्या नित्य सहवासात येत असे, आणि त्यामुळे घरे वेगळी असली तरी परिचय तुटत नसे. दंगे तेव्हाही होत. १ जुलै १९४६ रोजी दंगा शमविण्यासाठी धावून गेलेले वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोघे सहकारी याच शहरात मारले गेले.

१९६९ च्या सप्टेंबरातील भीषण संहारानंतर, आणि १९८५ साली राखीव जागांविरुद्धच्या आंदोलनातून उद्भवून महिनोन्महिने धुमसत राहिलेल्या हिंसाचारानंतर, मिश्र वस्तीतील अल्पसंख्य कुटुंबे, मग ती हिंदू असोत वा मुसलमान, आपापल्या समाजाकडे सरकू लागली. आणि नेमक्या १९८० च्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्याने परिचयाचे ते दुसरे स्थानही नाहीसे झाले. १९७३ च्या महापुरात निराधार झालेल्या दोन्ही धर्मांच्या झोपडीवासीयांना जेथे एकत्र वसविण्यात आले होते, त्या जुहापुऱ्यातून हिंदू क्रमाने निघून गेले. २००२ च्या दंगलींनंतर तर ज्यांना शहरात कोठेही घर परवडले असते असे मुसलमान वकील, डॉक्टर आणि सरकारी अंमलदारही केवळ जिवाच्या भीतीने तेथे राहावयास आले. दीर्घकाळ महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहिलेल्या या वस्तीला पाणी आणि गटारे यांसाठी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या कराव्या लागल्या, आणि लगतच्या वस्तीशी असलेल्या तिच्या सीमेला लोक सरळ ‘बॉर्डर’ म्हणू लागले.

या पळापळीत भेदरलेल्या माणसाची मिळकत कवडीमोलाने बळकावली जाऊ नये, म्हणून प्रथम १९८६ साली व पुन्हा १९९१ साली कायदा करण्यात आला; लोक त्याला ‘अशांत धारा’ म्हणतात. ‘अशांत’ म्हणून जाहीर झालेल्या भागात कलेक्टराच्या पूर्वपरवानगीवाचून केलेले खरेदीखत रद्दबातल ठरते. हेतू निःसंशय रक्षणाचा होता. तथापि विकणारा राजी, घेणारा राजी, आणि तरीही केवळ घेणाऱ्याचा धर्म पाहून शेजारी हरकत घेतात व दस्तऐवज कचेरीत अडकून राहतो, असे प्रसंग पुढे वारंवार घडले. २०१९ च्या दुरुस्तीने तर वस्तीतील समाजांचे प्रमाण बिघडेल काय, हेही तपासण्याचा अधिकार कलेक्टरास देऊ केला, आणि ही दुरुस्ती उच्च न्यायालयाच्या विचाराधीन गेली. माझ्या मते विक्रेत्याची संमती खुषीची आहे काय आणि त्याला वाजवी मोल मिळाले काय, एवढ्या दोन प्रश्नांपलीकडे कलेक्टराची चौकशी जाताच कामा नये.