गणपतीचा पाट : सुतारकामातली पुढची पायरी

पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही मूर्तिकारांची गावे. मूर्ती ज्यावर बसते तो लाकडी पाट मात्र सुताराच्या हातचा. करवत सरळ चालवता येऊ लागली, की पुढचा धडा म्हणून पाट उत्तम.

दोन-तीन फळ्या जोडायच्या, तर त्यांच्या कडा रंध्याने सपाट कराव्या लागतात. कडा एकमेकींवर टेकवून उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, तर सरस ती झाकत नाही.

खरी कसोटी फळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. लांबीत जवळपास नाही. कोकणच्या पावसाळ्यात तर हे हमखास. म्हणून पट्टी पूर्ण लांबीभर सरसाने चिकटवत नाहीत. स्क्रू मधोमध पक्का, टोकांच्या स्क्रूंची भोके लांबट. याहून सुबक उपाय डोव्हटेल, म्हणजे आत रुंद होत जाणाऱ्या खाचेचा : पट्टी खाचेत सरकते, सरस फक्त मध्यभागी. खाच राउटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) पाडून कोपरे पटाशीने साफ करतात. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखे हवे; एकच बाजू रंगवली तर पाट वाकतो.

बाहेरची कड गोल करताना हातातला राउटर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवतात, नाहीतर यंत्र हिसका देते. हातमोजे घालू नयेत, ते पात्यात अडकतात. संरक्षक चष्मा आणि कानांचे इअरमफ मात्र हवेतच. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढतात. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.