लहान विमानतळांवरचे गंडांतर

आरमोरीस विमान उतरत नाही. मग विमानतळाची चिंता आम्ही का वाहावी, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु 1982 पर्यंत आम्ही ज्या चंद्रपूर जिल्ह्यात होतो, त्याची धावपट्टी मोरव्यास आहे, आणि तिच्या वाढीस वीजकेंद्राची धुराडी आड येतात.

विमानतळास समोरचे आकाशही मोकळे लागते. मोठ्या धावपट्टीवर उपकरणांच्या साहाय्याने उतरावयाचे, तर दर 50 मीटरांस उंचीची सवलत 1 मीटर. म्हणजे 3 किलोमीटरांवर सुमारे 60 मीटरांहून उंच काही नको. हे न जमले की वाढ खुंटते, वर्दळ आटते, निगा सुटते. मग टाळे लावावयास निमित्त पुरते. सोलापुरास साखर कारखान्याची चिमणी वर्षानुवर्षे वादात होती; 2023 साली ती पाडली. तिच्याशी ऊसकऱ्यांचे हित जडले होते, हेही खरेच.

मोरव्याची धुराडी कोण पाडणार? दिवा तर सर्वांनाच हवा! म्हणून राजुऱ्याकडे मूर्ती येथे नवा विमानतळ योजिला, तर तेथे जंगल आणि वाघांची वाट आडवी आली. नव्याच्या आशेवर मोरव्याची निगा सोडू नये, असे आमचे मत आहे. निदान रुग्णास नागपुरास नेणारे लहान विमान तरी तेथून उडू शकावे.